सिंगल बेल

आमच्या घरातून बाहेर पडायला पंचवीस मिनिटं लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल, रोज. आधी अंगाला चिकटून बसणारे आतले कपडे, त्यावर स्वेटर आणि पँट, मग दोन जोड मोजे, मग छातीपर्यंत येणारी फुगीर स्नो-पँट, मग बूट, मग पिशवीसारखे हातमोजे, मग जाकीट, शेवटी कानटोपी. क्रम चुकला तर सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं यथासांग पार पडलं, की आमची सव्वादोन वर्षांची लेक दारात उभी राहून जाहीर करते, “शू आली.”

त्यातूनही गाडीपर्यंत पोचलोच, तर तिथे जाकीट पुन्हा काढायचं, कारण फुगीर जाकिटावरून कार सीटचा पट्टा घट्ट बसत नाही. मग ती थंडीनं रडते, मी घामाघूम होऊन तिच्यावर ओरडते, आणि मिनेसोटातला आमचा दिवस सुरू होतो.

ओरडते, हे मी मुद्दाम लिहितेय. मी तापट आहे. शिवाय व्यवसायानं सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि ऑफिस सुटलं तरी ती सवय सुटत नाही. माझा नवरा म्हणतो, तू भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा बग सापडल्यासारखं सांगतेस. तो सोमवारी पहाटे क्लायंटकडे विमानानं जातो आणि गुरुवारी संध्याकाळी परत येतो, त्यामुळे त्याला असलं बोलायला सुचतं.

त्या डिसेंबरात तीन गोष्टी एकदम झाल्या. लेकीला सांभाळणाऱ्या बाई मुलाकडे टेक्सासला राहायला गेल्या. डे-केअरच्या वेटिंग लिस्टवर आमचा नंबर मे महिन्याशिवाय लागणार नाही असं कळलं. आणि कंपनीनं फतवा काढला की फेब्रुवारीपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायलाच हवं. मी आईला फोन केला. पण भावाची बायको जानेवारीत बाळंत होणार होती, त्यामुळे आई अडकली होती. फोनवर दोघी तारखा मोजत राहिलो. मागून बाबांचा आवाज आला, “मी जातो की.”

आई हसली. मीही हसले. नंतर मला त्या हसण्याची लाज वाटली, पण त्या वेळी हसले खरी.

बाबा तालुक्याच्या डेपोत लाल गाडीवर कंडक्टर होते. एकतीस वर्षं. आम्ही लहान असताना आठवड्यातले तीन दिवस ते मुक्कामाच्या गाडीवर असायचे, म्हणजे रात्री कुठल्या तरी खेड्यात गाडी थांबवून तिथेच झोपायचे आणि सकाळची पहिली फेरी घेऊन परत यायचे. उरलेले चार दिवस घरी असले तरी झोपलेले असायचे. आम्हा भावंडांची शी-शू काढणं, भरवणं, थोपटणं, यातलं काहीही त्यांनी कधी केलेलं नव्हतं. तो माणूस सत्तरीला टेकल्यावर सातासमुद्रापार येऊन एकट्यानं नात सांभाळणार होता.

आला आणि शिकलासुद्धा. पहिल्या आठवड्यात डायपर उलटा लावला, दुसऱ्या आठवड्यात सुलटा. मऊ भात किती मऊ, दूध किती कोमट, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. लेकीचं नि त्यांचं असं काही जमलं की माझी गरजच उरली नाही. ती त्यांना आबा म्हणते. सकाळी उठल्यावर माझ्या अंगावरून ओलांडून ती आबांच्या खोलीकडे धावायची.

त्यांचा मुख्य खेळ गाडीगाडी. जेवणाच्या चार खुर्च्या एकामागे एक लावायच्या, त्यावर अस्वल, ससा आणि एक रिकामं ओट्सचं खोकं असे प्रवासी बसवायचे. मागच्या डेकवर, म्हणजे पायऱ्यांच्या लाकडी ओट्यावर, उघडणारं काचेचं सरकतं दार म्हणजे गाडीचं दार. त्याला आतून एक छोटी कडी आहे, बोटानं खाली दाबली की लागते, वर उचलली की सुटते. बाबा देवातली घंटी घ्यायचे. गाडीत दोरी ओढून ड्रायव्हरला जसा इशारा देतात तसा. दोनदा वाजवली की डबल बेल, गाडी निघाली, लेक कडी खाली दाबायची आणि ओरडायची, “चला!” एकदाच वाजवली की सिंगल बेल, थांबा आलाय, लेकीनं पळत येऊन कडी उचलायची, आणि बाबा म्हणायचे, “उतरा उतरा, तासगाव कोण?” ससा उतरायचा. मग “अगेन, आबा, अगेन!” दिवसातून पंचवीस वेळा.

मला तो खेळ आवडायचा नाही. देवातली घंटी लाळेनं भरलेली असायची आणि कडी ढिली व्हायला लागली होती. मी दोनदा सांगितलं. बाबा म्हणाले, “अगं, पोरीला बेलचा अर्थ कळायला लागला. आमच्या एका ड्रायव्हरला रिटायर होईपर्यंत कळला नव्हता.”

दुसरा वाद सूर्याचा. नोकरीत असताना बाबांनी कधी सूर्याला पाणी दिलं नव्हतं. पहिली गाडी साडेपाचला सुटायची. “एकतीस वर्षं मी सूर्य गाडीच्या काचेतनं बघितला,” ते म्हणायचे, “आता समोर उभा राहून बघतो.” निवृत्तीनंतर त्यांनी रोज अर्घ्य द्यायला सुरुवात केली आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यातही ते थांबवलं नाही. आमच्याकडे जानेवारीत सूर्य शेजाऱ्यांच्या छपरावर यायला सव्वानऊ वाजतात. तोवर यांची आंघोळ झालेली. मग डोक्याला कानटोपी, अंगात दोन स्वेटर, हातात तांब्याचा तांब्या, आणि पाय अनवाणी. डेकवर जायचं, कठड्यापाशी धार सोडायची, नमस्कार करून आत यायचं. जिथे रोज धार पडायची तिथे बर्फाचा एक गुळगुळीत ढीग वाढत चालला होता. लेकीला तो फार आवडायचा. ती त्याला आबांचा डोंगर म्हणायची.

“बाबा, उणे बारा टेंपरेचर आहे. निदान स्लीपर घाला.”

“चपला घालून सूर्याला पाणी देतात का?”

“मग मोजे तरी!”

“मोजे म्हणजे पायताणच की. दोन मिनिटांचं काम आहे, पोरी.”

दोन मिनिटांत खरंच काही होत नसे. मी नाद सोडला.

फेब्रुवारी जवळ यायला लागला तशी माझी झोप उडाली. महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, “यार, रिस्क घेऊ नकोस. माझे सासरे ओव्हन ऑन ठेवून वॉकला गेले होते. लेट मी आस्क अराउंड, कुणीतरी नॅनी मिळेल.” हे मी स्पीकरवर ठेवून ऐकत होते आणि बाबा कोबी चिरत होते. फोन ठेवल्यावर ते सुरीकडे बघत म्हणाले, “दुसरं माणूस ठेवणार असशील तर माझं इथं काय काम? तिकीट बदलून दे. भांडण नाही माझं.” त्यांचा चेहरा उतरला होता. एवढा उतरलेला चेहरा मी त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी पाहिला होता, त्यानंतर तेव्हाच.

तेव्हा मी टेस्टरनं जे करायचं तेच केलं. टेस्ट ठरवली.

फ्रिजवर मी मराठीत तेरा नियम लिहून लावले. शेगडी चालू असताना स्वयंपाकघर सोडायचं नाही. जिन्याचं फाटक कायम बंद. द्राक्षं उभी चिरून. औषधांचं कपाट, बाथरूमचं दार, फोन कुठे ठेवायचा, आग लागली तर काय, श्वास अडकला तर काय. बाबांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि खाली “वाचून घेतले” असं लिहून तारखेसकट सही ठोकली. मग मी त्यांना समोर बसवून सांगितलं. गुरुवारी सकाळी नऊ ते बारा मी तळघरात काम करणार. हेडफोन लावून. मी घरात नाहीच असं समजायचं. आणि मग तेरा नियमांत नसलेली एक अट मी तोंडी घातली. अजून ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

“या तीन तासांत मला हाक मारावी लागली, तर मी समजेन की हे जमणार नाही. मग मी नॅनी बघते आणि तुमचं तिकीट बदलते. चालेल?”

“चालेल,” बाबा म्हणाले. जरा ताठ बसले होते.

बुधवारी दिवसभर बर्फ पडला, साधारण वीतभर. गुरुवारी लख्ख ऊन होतं आणि त्यामुळे थंडी जास्त. नऊला पाच कमी असताना मी लेकीची पापी घेतली, तिनं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि मी खाली गेले.

आमच्या तळघराला मागच्या अंगणाच्या पातळीवर एक खिडकी आहे. माझं टेबल खिडकीकडे पाठ करून आहे, कारण समोर खिडकी असली की बर्फावरच्या उजेडानं डोळे दिपतात; व्हिडिओत मागचं सगळं मी धूसर करून ठेवते. साडेनऊला मोठी मीटिंग होती, ती सव्वानऊलाच सुरू झाली. एका मोठ्या रिलीजमधल्या चुका मी सगळ्यांना समजावून सांगत होते. मला वाटतं, त्या दिवशी मी छान बोलले. पहिला अर्धा तास अधूनमधून कान वर जात होता. नंतर मी विसरून गेले की वर माझं मूल आहे.

बाराच्या ठोक्याला मी वर आले. लेक झोपलेली. ताट घासलेलं. शेगडी पुसलेली, डायपरची पिशवी बांधून दाराशी. अस्वल, ससा आणि ओट्सचं खोकं रांगेत. बाबा सोफ्यावर मांडी घालून बसले होते, पायांवर रजई. पायात मोजे, तेही दोन जोड. घरात कधीही मोजे न घालणारा माणूस शहाणा झाला म्हणून मला बरं वाटलं.

“काही अडलं?”

“काही नाही. वेळेवर सुटली, वेळेवर पोचली.”

“मग पास,” मी म्हणाले.

“राहू मग मी?”

“राहा.”

त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टेकली. मला वाटलं, दमले असतील. मी त्यांना चहा करून दिला, आलं जास्त घालून, आणि नवऱ्याला मेसेज टाकला की बाबा पहिल्या फटक्यात पास.

दुपारी तीनच्या सुमाराला लेक उठायच्या आत मी मागच्या अंगणात गेले. आमच्या फर्नेसचा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर येतो, आणि बर्फ पडला की त्याचं तोंड मोकळं करावं लागतं, नाहीतर घर तापायचं बंद होतं. पाइप तळघराच्या खिडकीपासून चार हातांवर आहे. मी फावडं घेऊन घराला वळसा घालून गेले आणि थांबले.

बर्फात पावलं होती. कुणा प्राण्याची असतील असं मला वाटलं, इथे हरणं येतात. पण प्रत्येक पावलाला पाच बोटं होती. डेकच्या पायऱ्यांवरून ती खाली आली होती, भिंतीच्या कडेनं माझ्या खिडकीपर्यंत. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी, खोल उमटलेली. तिथे माणूस थोडा वेळ उभा होता. आणि मग ती वळली होती आणि आली तशीच पायऱ्यांवरून परत वर गेली होती. जातानाची पावलं लांब लांब पडलेली होती. म्हणजे पळत.

मी त्या पावलांच्या शेजारी उभी राहून खिडकीतून आत पाहिलं. माझी खुर्ची दिसत होती. स्क्रीन दिसत होता. एवढ्या जवळून, की काचेवर एक थाप मारली असती तर हेडफोनमधूनही मला ऐकू आलं असतं.

फर्नेसचा पाइप तसाच ठेवून मी घरात गेले आणि बुटांसकट स्वयंपाकघरात शिरले. मला आधी राग आला. रडू नंतर आलं. हा क्रम मला आवडत नाही, पण तसाच होता.

“मोजे काढा,” मी म्हणाले.

“अगं, काय झालं?”

“बाबा, मोजे काढा!”

उजव्या पायाची दोन बोटं पांढुरकी पडली होती, बाकीची लालभडक. टाच सुजली होती. मी क्लिनिकच्या नर्सला फोन लावला. तिनं शांतपणे वीस प्रश्न विचारले आणि सांगितलं, कोमट पाण्यात पाय ठेवा, चोळू नका, फोड आले तर घेऊन या. मी टबात पाणी काढलं, कोपर बुडवून पाहिलं, लेकीच्या आंघोळीला पाहते तसं. बाबांनी निमूटपणे पाय बुडवले. पायांत जीव यायला लागला तसे ते ओठ दाबून बसले. आणि मग, मी विचारत गेले तसं, एकेक करून सगळं बाहेर आलं.

सव्वानऊला ते शेगडी बंद करून, जिन्याचं फाटक तपासून, अर्घ्य द्यायला डेकवर गेले होते. दार मागे ओढून घेतलं होतं, कारण पोरीला वारा लागेल. धार सोडली, नमस्कार केला, वळले, तर लेक काचेपाशी उभी. तिनं बोटानं कडी खाली दाबली आणि आतून ओरडली, “चला!”

“मी हसलो,” बाबा म्हणाले, “म्हटलं, गाडी माझ्याशिवायच सोडली पठ्ठीनं.”

मग त्यांनी काचेवर टकटक केली. ती नाचायला लागली. जोरात टकटक केली, ती आणखी नाचायला लागली. हातांनी खुणा केल्या, तिनंही तशाच खुणा केल्या. त्यांचा फोन नियमाप्रमाणे आत फ्रिजवर होता, आणि पुढचं दार आतून बंद. मग तिला कंटाळा आला आणि ती ससा घेऊन खेळायला बसली. चार-पाच मिनिटं झाली असतील, तेव्हा त्यांना पाय कळेनासे झाले. आणि मग ते पायऱ्या उतरून माझ्या खिडकीकडे आले.

“मग वाजवलं का नाहीत?”

बाबांनी पाण्यात बोटं हलवून बघितली.

“बाबा, मी तिथेच होते! हाताच्या अंतरावर!”

“तू उभी होतीस,” ते म्हणाले. “हात हलवून हलवून कुणाला तरी समजावत होतीस. समोर पंधरा-वीस चौकोन, त्यात माणसं, सगळी गप, तुझं ऐकत होती. मी तुला कामावर कधी बघितलंच नव्हतं. बघत राहिलो जरा.” मग म्हणाले, “मी तिकिटं फाडत असताना मध्ये कुणी बोललेलं मला चालायचं नाही.”

“हे कारण नाही.”

“नाही,” त्यांनी कबूल केलं. “वाजवलं असतं तर तू नापास केलं असतंस.”

मी टबाशेजारी फरशीवर बसले होते. हात लांब करून टबात आणखी कोमट पाणी सोडलं.

“पण खिडकीशी उभा होतो तेवढ्या वेळात पोर मला दिसत नव्हती,” ते पुढे म्हणाले. “तेव्हा मात्र घाबरलो. पळतच वर आलो. ती होती ससा घेऊन बसलेली. मग डोकं ठिकाणावर आलं. म्हटलं, आपण एवढं ठोकतोय, पण हिला शिकवलंय काय? खाली बसलो, आणि तांब्या काचेवर एकदाच मारला. ठण्. एकच. आणि हलायचं नाही. तिनं ससा टाकला आणि पळत आली बघ. कडी उचलली. मला विचारते, तासगाव कोण?”

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसत होते. मला हसू आलं नाही. माझे बाबा उणे बारात अनवाणी उभे राहून, काचेतून, स्वतःच्या मुलीला घाबरत होते. आग, औषधं, द्राक्षं, सगळ्याचा मी विचार केला होता. माणूस मदत मागायला घाबरेल याचा केला नव्हता, आणि ती भीती मीच घातली होती. त्यांनी लपवलं ही चूकच होती. दहा मिनिटं माझी मुलगी आत एकटी होती आणि मला ते पावलांवरून कळावं लागलं. हे मी त्यांना त्याच वेळी, तशाच शब्दांत सांगितलं. आणि मग माझी चूकही सांगितली.

“म्हणजे नापास?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही नाही. टेस्टच चुकीची होती.”

त्यांना ते फारसं पटलं नाही. एकतीस वर्षं तिकीट तपासनिसांसमोर उभा राहिलेला माणूस, निकाल बदलतो यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. इतक्यात वर लेक उठली आणि आबांना हाका मारायला लागली. मी तिला खाली घेऊन आले. तिनं टबातले पाय पाहिले आणि दाराकडे बोट दाखवून मला रीतसर हकीकत सांगितली. “आबा बाहेर. आबा कोल्ड. आय ओपन!” स्वतःवर फार खूश होती.

संध्याकाळी नवरा आला. त्याला सगळं सांगितलं. तो मागच्या अंगणात जाऊन पावलं पाहून आला, आणि फर्नेसचा पाइप साफ करून आला. बाबांच्या पायांना फोड आले नाहीत. दोन बोटं आठवडाभर बधिर राहिली आणि मग त्यांची सालं निघाली.

फ्रिजवरचा कागद मी काढला आणि नवा लावला. पहिला नियम: काहीही झालं तरी मला बोलवायचं. बाबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. सरकत्या दाराला नवऱ्यानं लेकीचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर दुसरी कडी बसवली आणि खालची काढून टाकली. तरी बाबा बाहेर जाताना दाराच्या फटीत लाटणं आडवं ठेवतात, म्हणजे दार पूर्ण बंदच होत नाही. घरातली ऊब बाहेर जाते, जाऊ दे. पायांचा प्रश्न असा सुटला की मी नवे रबरी बूट आणले, जे कधीही रस्त्यावर गेले नाहीत आणि जाणार नाहीत. ते फक्त सूर्यासाठी आहेत. बाबांनी ते आधी धुतले, पुसले, दोन दिवस नुसते बघितले आणि मग म्हणाले, “जमेल.”

फोनची पद्धत त्यांनीच ठरवली. “तू कामात असणार. उचलायचा नाही. मी पाणी देऊन आत आलो की वाजवतो. दोनदा वाजवून कट केला, म्हणजे डबल बेल, तुझं चालू दे. एकदाच वाजवून कट केला, म्हणजे थांब, घरी ये.”

“घाबरणार नाही ना एकदा वाजवायला?”

“सही केलीय मी,” ते म्हणाले.

फेब्रुवारीतल्या पहिल्या मंगळवारी मी सव्वाआठला घर सोडलं. दोघं खिडकीत उभे होते, लेक त्यांच्या कडेवर. ती रडली नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचले तेव्हा नऊला दहा कमी होते. आत जाऊन बसता आलं असतं, पण मी इंजिन बंद केलं आणि फोन मांडीवर ठेवून गाडीतच बसले. माझ्या श्वासानं काचा धुरकटल्या. सव्वानऊ झाले. नऊ वीस झाले. आज ऊन आहे, सूर्य छपरावर आला असेल. लाटणं ठेवलं असेल का?

नऊ बावीसला फोन वाजला. बाबांचं नाव. एक बेल.

मी किल्लीला हात घातला. घरी पोचायला पस्तीस मिनिटं लागणार होती.

मग दुसरी बेल वाजली, आणि फोन कट झाला.

“चला,” मी गाडीत एकटीच मोठ्यानं म्हणाले. हातमोजे घातले, टोपी घातली आणि कामावर गेले.